माळवदातून निघालेले रूळ: मोडीत घालू की घरातच ठेवू?

बार्शीकर_शेतकरी

राम राम मंडळी.

बार्शी तालुक्यात आमचं जुनं घर आहे. यंदाच्या पावसात दालनाची एक बाजू बसली म्हणून माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, उतरवायला घेतलं. पांढरी माती काढली, किलचणं काढली आणि सरांच्या, म्हणजे आडव्या तुळयांच्या, जागी चक्क रेल्वेचे रूळ निघाले. सात नग, प्रत्येकी चौदा फुटांच्या आसपास. लहानपणापासून त्याच छताखाली झोपत आलो, पण चुन्याचा थर एवढा जाड होता की ते लाकूड नाही हे कधी लक्षातच आलं नाही. आठवा तुकडा विहिरीच्या थारोळ्यापाशी आडवा पडलेला आहे. त्याच्यावर आम्ही पोरं कपडे वाळत घालायचो.

हे रूळ हल्लीच्या रुळांपुढे अगदी बारके आहेत, उंची अर्धी वीतसुद्धा नाही. आमच्या भागातून बार्शी लाईट रेल्वे जायची, तिचेच असावेत असं वाटतं. आजोबांनी कधी आणि कुठून आणले, ते सांगायला आता घरात फक्त आत्या आहे. ती सध्या लेकीकडे पुण्याला आहे.

दुसऱ्याच दिवशी मोडवाला दारात हजर. किलोवर भाव करायला लागला. मन होत नाहीये. नवीन गोठा बांधायचा आहे, त्यात हे वापरता येतील का? किती जुने असतील? कापायचे कसे? कुणी अनुभवी असेल तर सांगा.

गोठा_आणि_गोकुळ

विकू नका. एवढंच सांगायला लॉगिन केलं. आम्ही विकले आणि आता गव्हाणीच्या कडेला बसवायला तसलं दणकट काही मिळत नाही.

कुर्डुवाडी_यार्ड

वडील गँगमन होते, नंतर मुकादम झाले. माझं बालपण रुळाच्या कडेला गेलं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

बार्शी लाईट रेल्वे म्हणजे एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची गाडी. कुर्डुवाडी, म्हणजे तेव्हाचं बार्शी रोड, ते बार्शी हा पहिला टप्पा १८९७ साली सुरू झाला. रुंदी अडीच फूट. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही असं त्याचं गणित होतं. इंजिन असो की मालडबा, भार सगळ्या आसांवर सारखा वाटलेला. त्यामुळेच हलक्या रुळांवर भरपूर माल ओढता आला. पुढे १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर आणि १९२७ ला मिरज. १९५४ ला सरकारने कंपनी विकत घेतली. तुमचे रूळ बारके का, त्याचं उत्तर त्या पाच टनांत आहे.

आता ओळखायचे कसे? वडील रुळाचे तीन भाग सांगायचे: डोकं, पोट आणि पाय. आधी पायापासून डोक्यापर्यंत उंची मोजा. जुन्या मापाचे रूळ पौंडात ओळखले जातात, म्हणजे एक यार्ड लांबीचं वजन. ५० पौंडी रूळ १०५ मिलिमीटरला थोडा कमी, ६० पौंडी ११४, ७५ पौंडी १२९ आणि ९० पौंडी १४३ मिलिमीटरच्या जवळ. पुढचे रूळ किलोवर आले: ५२ किलोचा १५६ आणि ६० किलोचा १७२ मिलिमीटर. तुमचा अर्धी वीतही नाही म्हणता, तर तो ५० पौंडाच्या आतलाच असणार.

याहून पक्का मार्ग वजनाचा आहे. विहिरीवरचा तुकडा काट्यावर ठेवा, वजनाला मीटरमधल्या लांबीने भागा आणि आलेल्या आकड्याची दुप्पट करा. पौंड जवळजवळ बरोबर येतात.

आणि पोटावर बघा. रूळ लाटतानाच तिथे उठावाची अक्षरं येतात: कारखाना, साल, कधी महिना, कधी वजन. चुन्याखाली ती छान टिकलेली असतील. ग्राइंडर मात्र लावू नका, हात जोडून सांगतो. घासलेटात भिजवलेलं फडकं रात्रभर गुंडाळून ठेवा, सकाळी तारेच्या ब्रशने हलक्या हाताने घासा आणि बॅटरी बाजूने तिरपी धरा. अक्षरं सावलीत उठतात.

कागद_जपा

चांगला विषय आहे, पण एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून बोलतो. रेल्वेच्या मालमत्तेसाठी १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे. रेल्वेचा माल चोरीचा असल्याचा रास्त संशय असेल आणि तो तुमच्या ताब्यात सापडला, तर तो कायदेशीर मार्गाने आला हे तुम्हाला दाखवावं लागतं. पहिल्या गुन्ह्यालाही पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कारवाई रेल्वे सुरक्षा दल करतं.

घाबरवायचं नाही. रेल्वे स्वतःच जुने रूळ लिलावात विकते, तेव्हाही विकायची. पण हल्ली कुणी रूळ विकत घेत असेल तर पक्कं बिल आणि लिलावातल्या मालाची कागदपत्रं घेतल्याशिवाय हात लावू नये. आणि लाईनच्या कडेला गवतात पडलेला तुकडा कितीही बेवारस दिसला तरी तो रेल्वेचाच.

माणदेशी_पठ्ठ्या

साहेब, रागावू नका, पण आजोबांच्या छतातून निघालेल्या लोखंडाचा कागद कुठून आणायचा? आमच्याकडे अर्ध्या गावाच्या विहिरींवर रूळ टाकलेत. त्यावर पंप बसलेत, रहाट बसलेत. दोन पिढ्यांपूर्वीची पावती कुणाच्या ट्रंकेत असणार? कष्टाने बैलगाडीतून आणलेल्या वस्तूवर संशय घेतला की जीवाला लागतं.

कागद_जपा

तुमचं म्हणणं मनापासून मान्य आहे, दादा. म्हणूनच धागाकर्त्यांना सांगतो की उरलेले रूळ उतरवायच्या आधी ते भिंतीत बसलेले असतानाच फोटो काढा. गिलावा, माती, खुंट्या सगळं दिसू द्या. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चा उतारा काढा, त्यात घराचं वर्णन असतं. गावातल्या दोन म्हाताऱ्या माणसांना बोलतं करून मोबाईलवर रेकॉर्ड करा. पावती नसली तरी घराची साक्ष असते. आणि मोडवाल्याच्या टेम्पोत रूळ चढला की ही साक्ष मागेच राहते, रस्त्यात विचारलं तर तो तुमचं नाव सांगणार. त्यामुळे घरात वापरणं हेच सगळ्यात सुरक्षित.

पुलगावची_पोर

माझं माहेर पुलगावचं. पुलगाव-आर्वीची छोटी गाडी आमच्या शाळेच्या मागून जायची. शाळेच्या घंटेला हातभर रूळ टांगला होता आणि एक फिशबोल्ट, म्हणजे रूळ जोडायचा बोल्ट, त्याला वाजवायला. शिपाईकाका सुट्टीची घंटा वेगळी द्यायचे, लांब लांब ठोके. तो आवाज नदीपलीकडच्या शेतात ऐकू यायचा आणि आई म्हणायची, आता पोरं येतील, भाकरी टाकते.

एक तुकडा तुमच्या गावच्या शाळेला द्याल का? घंटा आता बटणावर वाजते हे माहीत आहे, तरी विचारते.

शकुंतलाप्रेमी

पुलगावताईंनी घंटा काढली आणि मला यवतमाळ आठवलं. आमची शकुंतला! यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर छोटी गाडी. १९२१ साली मँचेस्टरला बनलेल्या वाफेच्या इंजिनाने १९९४ पर्यंत तिला ओढलं. मोटरमन डब्यातल्या म्हाताऱ्यांना नावाने ओळखायचा. लाईन परत सुरू व्हावी म्हणून लोक अजून झगडताहेत. म्हणून माझी एक विनंती, विषयाला सोडून असली तरी: बंद लाईनीचे रूळ कुणी उचलू नका, कुणी उचलताना दिसला तर गप्प बसू नका. रूळ जागेवर आहेत तोवर गाडीची आशा आहे.

सांगली_वेल्डिंग

कापण्याचा प्रश्न तसाच राहिला, म्हणून उत्तर देतो. बावीस वर्षं वर्कशॉप आहे.

रूळ म्हणजे अँगल-चॅनलचं मऊ लोखंड नाही. त्यात कार्बन बराच जास्त असतो, म्हणून तो झिजत नाही, आणि म्हणूनच त्रास देतो.

गॅस कटिंग सहज होतं, पण कापलेली कड कडक होते. नंतर तिथे ड्रिल लागत नाही. चौदा इंची कटऑफ मशीन उत्तम. ड्रिल करायचंच झालं तर सावकाश फेरे, दाब भरपूर, तेल सतत आणि कोबाल्टचं बिट. साधं बिट निळं पडून बसतं. त्यापेक्षा टोकाला फिशप्लेटची (दोन रूळ जोडायच्या पट्टीची) भोकं आधीच असतात, आपलं काम त्या भोकांभोवती आखा.

वेल्डिंगबद्दल मात्र नीट ऐका. साध्या रॉडने टाका मारला तर तो दिसायला झकास दिसतो आणि थंड होताना कडेने तडकतो. कधी रात्री कट् असा आवाज येतो आणि सकाळी टाका सुटलेला. ७०१८ चा रॉड हवा, तोही भट्टीत सुकवलेला. रूळ आधी गॅसने चांगला तापवायचा, हात जवळ नेववत नाही इतका, अडीचशे अंशांच्या वर. टाका झाल्यावर राखेत किंवा चुन्याच्या भुकटीत पुरून सावकाश निवू द्यायचा. एवढं करायची तयारी नसेल तर वेल्डिंग करूच नका, बोल्टने आवळा. डोक्यावर येणारं वजन वेल्डिंगच्या भरवशावर तर कधीच ठेवू नका.

कुर्डुवाडी_यार्ड

वेल्डिंगवाले दादा बरोबर बोलले. एक भर घालतो. गँगमध्ये मशीन नव्हती तेव्हा रूळ छिन्नीने कापायचे. एकजण लांब दांड्याची छिन्नी धरायचा, दुसरा घण मारायचा. पायापासून डोक्यापर्यंत चारी बाजूंनी फक्त खाच पाडायची, आरपार कापायचं नाही. मग रूळ उचलून खाचेच्या जागी दुसऱ्या रुळावर आपटायचा. खाडकन तुटायचा आणि तोंड काचेसारखं सपाट निघायचं. कडक लोखंडाचा कडकपणाच कामाला लावायचा. घरी मात्र कुणी करू नका, कपऱ्या उडतात.

लोहाराची_लेक

आमच्या बापूंची ऐरण म्हणजे रुळाचा तुकडाच होता. बघणारे सगळे रूळ आडवा ठेवतात आणि मग म्हणतात की घण उसळतो. पोट बारीक असतं ना, ते लवतं, थरथरतं. बापूंनी दीड हाताचा तुकडा उभा पुरला होता, बाभळीच्या ओंडक्यात खोबण करून. वर उरलं फक्त रुळाचं कापलेलं तोंड, तळहाताएवढं. पण त्याच्या खाली सगळ्या रुळाचं वजन सरळ उभं. विळे, खुरपी, कुळवाची पास, सगळं त्या तळहाताएवढ्या जागेवर झालं. त्या तोंडाला त्यांनी एका कडेला गोलाई दिली होती कानशीने, पाते वाकवायला. आजही ती गोलाई बोटाला लागते.

ओहायोकर

लोहाराची लेक यांच्याशी शंभर टक्के सहमत. इकडे अमेरिकेत छंद म्हणून लोहारकाम करणारे बरेच आहेत आणि नवशिक्याला पहिला सल्ला हाच मिळतो: रूळ उभा कर. इथले रूळ जड, यार्डाला १३६ पौंडांचे सर्रास. माझ्या गॅरेजमध्ये तसला एक उभा आहे. बापूंनी हे कुणी न सांगता ओळखलं होतं, वाचून फार बरं वाटलं.

पाया_पक्का

मी सिव्हिल इंजिनिअर. गोठ्यात वापरायच्या प्रश्नावर सगळे उत्साहात आहेत, मला थोडं थांबवावंसं वाटतं.

रूळ वाकायला चिवट असतो, पण त्याचं आयुष्य आधीच एकदा खर्च झालेलं असतं. हजारो चाकं गेलेली. भोकांच्या कडेला चिरा जातात, बहुधा तिरप्या. तपासायचा जुना उपाय: भोकाभोवती घासलेट लावा, पुसून कोरडं करा, वरून चुना किंवा खडूची पूड फासा. चीर असेल तर आतलं घासलेट बाहेर झिरपून पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. तसा तुकडा छताला वापरायचा नाही.

दुसरं, भिंतीत गेलेली टोकं. माळवदाची भिंत ओल धरते आणि रूळ तिथेच खातो, मधे ठणठणीत दिसतो. टोकांवर हातोडी मारत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला किंवा पापुद्रे निघाले तर तेवढा भाग कापून टाका.

माणदेशी_पठ्ठ्या

पण इंजिनिअर साहेब, एवढ्या मातीचं ओझं त्याने पिढ्यान्‌पिढ्या पेललं, त्याला पत्र्याचं काय होणार?

पाया_पक्का

ओझ्याचं तुमचं खरं आहे. फूटभर मातीचं माळवद म्हणजे चौरस मीटरला साडेचारशे-पाचशे किलो सहज होतं. पत्रा त्याच्या पासंगालाही पुरत नाही. पण गंमत अशी की पत्र्याच्या गोठ्याला भीती ओझ्याची नसते, वाऱ्याची असते. माती छताला दाबून ठेवते, पत्रा वळवाच्या वाऱ्यात उचलला जातो. म्हणून रूळ नुसता भिंतीवर टेकवून चालणार नाही, त्याला भोकातून बोल्ट घालून खाली काँक्रीटमध्ये बांधा. खांब म्हणून पुरणार असाल तर जमिनीच्या पातळीवर गंज लागतो. काँक्रीट जमिनीच्या वर वीतभर काढा, त्याला बाहेर उतार द्या आणि त्या पट्ट्यात डांबर फासा. गोठ्यात तर गोमूत्र, तिथे लोखंड लवकर जातं.

गोठा_आणि_गोकुळ

गोमूत्राचं बरोबर. माझ्या गोठ्याच्या लोखंडी खांबांना घोट्याएवढ्या उंचीवर कंबर पडली आहे.

नीरेकाठचा

सगळं वाचतोय. एक कळकळीने सांगायचं आहे, उचलताना जपा.

आमच्याकडे ९० पौंडी रुळाचा तुकडा होता, दहा फुटांचा. मीटरला जवळजवळ पंचेचाळीस किलो, म्हणजे एकूण एकशे पस्तीस. चौघांनी दोरात घालून उचलला. ठेवताना तो पायावर न बसता डोक्याच्या बाजूने टेकला आणि क्षणात उलटला. पाय रुंद आणि डोकं अरुंद, त्यामुळे डोक्यावर तो उभा राहतच नाही. माझ्या धाकट्या भावाचा अंगठा खाली सापडला. दोन महिने चप्पल घालता आली नाही आणि नख आजही वाकडं आहे. ठेवायच्या जागी आधी दोन लाकडी ओंडके टाका, त्यावर रूळ ठेवा, बोटं कधी खाली जाऊ देऊ नका. आणि सोडा म्हणणारा माणूस एकच असू द्या.

कुर्डुवाडी_यार्ड

फार मोलाचं लिहिलंत. गँगमध्ये त्यासाठीच मुकादम पुकारा द्यायचा आणि बाकीचे ओ द्यायचे. लोकांना वाटायचं गाणं चाललंय. ते बोटं वाचवायचं काम होतं.

बार्शीकर_शेतकरी

मंडळी, आठ दिवसांनी येतोय, माफ करा. सगळं करून बघितलं.

विहिरीवरचा तुकडा ६१ सेंटीमीटर भरला, दूध डेअरीच्या काट्यावर वजन साडेदहा किलो. भागाकार १७.२. दुप्पट केली तर साडेचौतीस. म्हणजे ३५ पौंडी, अर्धा पौंड गंजाने खाल्ला म्हणायचा. एक अख्खा सर त्या हिशोबाने पाऊणशे किलोच्या आत बसतो. तिघांनी आरामात उतरवले, ओंडके टाकूनच.

आता अक्षरांचं. घासलेटाचं फडकं रात्रभर ठेवलं. सकाळी मुलीने बॅटरी धरली आणि मी ब्रश घेतला. पहिल्या तीन रुळांवर काही नाही. चौथ्यावर चुन्याचा पापुद्रा निघाला आणि खाली एक उभी रेघ दिसली, मग गोल. मुलगी ओरडली, पप्पा नऊ! पुढे शून्य आणि पाच. १९०५. पहिल्या एकावर गंज आहे, पण नखाला लागतो. त्याच्या आधी कारखान्याचं नाव असावं, तिथे लोखंड खडबडीत झालंय, त्यातली दोनच इंग्रजी अक्षरं उठली आहेत. मी बराच वेळ नुसता हात फिरवत बसलो.

मग आत्याला फोन लावला. ती म्हणाली, आप्पांनी लिलावात घेतले होते, दोन बैलगाड्या करून आणले, आणि रात्री अंगणात सगळे शेजारी बघायला आले होते. लाकडी सर वाळवीने दोनदा खाल्ले होते म्हणून आजी अडून बसली होती की आता लोखंडच पाहिजे. ही गोष्ट मला आजवर कुणी सांगितली नव्हती. फोन रेकॉर्ड केला आहे, फोटो काढलेत, नमुना ८ काढला. त्यात ‘लोखंडी सर, माळवद’ असं स्पष्ट लिहिलंय!

कागद_जपा

वा! याहून चांगला कागद नको.

कुर्डुवाडी_यार्ड

१९०५ चा रूळ आणि १९०६ ला पंढरपूर लाईन सुरू. नक्की त्याच कामाचा होता असं छातीठोक सांगत नाही, पण ज्या गाडीने वारकरी पंढरीला गेले तिच्याच काळातला हा रूळ. वडील असते तर उद्याच तुमच्या गावाला यायला निघाले असते. ती लाईन २००२ ला मोठी (ब्रॉडगेज) झाली आणि पुढे २००८ पर्यंत लातूरपर्यंत सगळीच मोठी झाली. छोट्या गाडीचं लोखंड आता असंच घराघरांत शोधावं लागणार.

पाया_पक्का

चुना आणि टोकं तपासलीत का?

बार्शीकर_शेतकरी

हो. सातपैकी दोघांची टोकं बद्द वाजली, एकाच्या भोकाशी काळी रेघ आली. ते तीन बाजूला ठेवले. चार खणखणीत आहेत, ते गोठ्याच्या मधल्या खणावर जातील, वेल्डिंग न करता बोल्टने. गवंड्याला तुमचं वाऱ्याचं वाचून दाखवलं, त्याने खाली काँक्रीटमध्ये बांधायचं कबूल केलंय. १९०५ वाला त्यातच आहे. अक्षरांची बाजू आतल्या अंगाला ठेवणार, म्हणजे दूध काढताना दिसेल.

बाजूच्या तिघांतल्या एकाचा तीन फुटी तुकडा पुलगावच्या ताईंनी सुचवलेल्या घंटेसाठी. शाळेच्या सरांशी बोललो, ते लगेच हो म्हणाले. पण टांगून बघितला तर आवाज बसका येतोय. मी मधोमध दोर बांधला होता.

सांगली_वेल्डिंग

मधोमध नको, तिथे तो जोरात थरथरतो आणि दोर ती थरथर खाऊन टाकतो. आडवा टांगायचा तर दोन्ही टोकांपासून लांबीच्या २२ टक्क्यांवर तार बांधा, म्हणजे तीन फुटी तुकड्याला टोकापासून आठ इंच. नाहीतर टोकाच्या भोकातून तार ओवून उभा टांगा. दोर नको, तारच.

पुलगावची_पोर

आणि वाजवायला फिशबोल्ट शोधा, हातोडी नको. त्याचा आवाज वेगळा येतो.

बार्शीकर_शेतकरी

आठ इंचांवर तार बांधली. आत्ता वाजवून बघितला. गोठ्यातल्या म्हशीने मान वर केली आणि पलीकडच्या आळीतून हाक आली, कोणाकडे काय झालं म्हणून. फिशबोल्ट मिळाला नाही, कुणाकडे जास्तीचा असेल तर कळवा, घ्यायला येतो.

कुर्डुवाडी_यार्ड

वडिलांच्या पेटीत एक आहे, त्यांना निवृत्तीच्या दिवशी गँगने आठवण म्हणून दिला होता. रविवारी घेऊन येतो. शाळेतच असू दे.